घेवडा, वाल, पावटा, चवळी: घरी बी रुजवताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शेंगभाज्यांचं बी रुजवणं अवघड नाही. तरीही कुंडीत टोकलेल्या दहा दाण्यांतून दोनच वर आल्याची तक्रार दर पावसाळ्यात ऐकू येते. अशा वेळी बियाण्याला नावं ठेवली जातात. खरं तर बहुतेक वेळा घोळ पाण्याचा असतो, आणि तोही पाणी कमी पडल्याचा नव्हे. बाल्कनीत, गच्चीवर किंवा परसात चार वेल लावणाऱ्यांना डोळ्यांसमोर ठेवून ही उत्तरं लिहिली आहेत.

टोकलेलं बी वर का येत नाही? सगळ्यात मोठं कारण कोणतं?

बी कुजतं, हे सगळ्यात मोठं कारण. दाणा जिवंत असतो आणि श्वास घेत असतो. कोरडा असताना हा श्वास अगदी मंद चालतो. पाणी शोषलं की तो झपाट्याने वाढतो आणि दाण्याला प्राणवायू लागतो. मातीच्या कणांमधल्या पोकळ्या पाण्याने गच्च भरल्या की तिथे हवा उरत नाही. मग दाणा फुगतो, पण गुदमरतो. त्याच्यातली साखर बाहेर झिरपते, त्या साखरेवर बुरशी येते, आणि पाच-सहा दिवसांनी उकरून पाहिलं तर आंबूस वासाचा पिठूळ लगदा हाती लागतो. तो पाहून आपल्याला वाटतं, बी जुनं असणार.

शेतात पाऊस पडल्या पडल्या कुणी पेरत नाही, वाफसा येण्याची वाट पाहतात. मातीत ओल आणि हवा दोन्ही असतात ती स्थिती म्हणजे वाफसा. कुंडीलाही नेमका तोच हवा. मूठभर माती घेऊन दाबा. तिचा गोळा व्हायला हवा, बोटाने टोचला की तो फुटायला हवा आणि तळहाताला पाणी लागता कामा नये. हे जमवण्याचा सोपा मार्ग असा: आदल्या संध्याकाळी कुंडीतून पाणी खालून वाहीपर्यंत घाला, रात्रभर निथळू द्या, सकाळी बी टोका, वर भुसभुशीत माती लोटा आणि झारीने हलका शिडकावा करा. त्यानंतर मातीचा वरचा थर सुकल्याशिवाय पाणी घालू नका. रोज सकाळी सवयीने तांब्याभर पाणी ओतणाऱ्या घरात घेवडा रुजत नाही.

पेरण्याआधी बी भिजवावं का?

पावसाळ्यात, माती आधीच ओली असेल तर भिजवू नका, गरज नाही. उन्हाळी पेरणीत किंवा जाड सालीच्या बियाला भिजवण्याचा फायदा होतो, पण वेळ सांभाळायला हवी. घेवडा, फरसबी आणि चवळीला चार ते सहा तास पुरतात. वालाला आठ तासांपर्यंत चालतं. रात्री भिजवलं ते विसरून दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पेरलं, तर अर्धे दाणे पाण्यातच गुदमरलेले असतात.

यामागचं कारण जरा समजून घेण्यासारखं आहे. कोरड्या दाण्यातल्या पेशींची आवरणं सुरकुतलेली असतात. पाणी आत शिरलं की ती पुन्हा सरळ होतात, पण त्याला थोडा वेळ लागतो. तेवढ्यात पाण्याचा लोंढा आत शिरला तर आवरणं फाटतात आणि पेशीतला ऐवज बाहेर येतो. शिवाय दाण्याच्या दोन दलांची बाहेरची बाजू आधी फुगते, आतली कोरडीच राहते, आणि या ताणाने दलांना आडव्या चिरा पडतात. अशा दाण्याला कोंब येतो, पण तो मरतुकडा. दाणा जितका जास्त कोरडा आणि पाणी जितकं थंड, तितकं हे नुकसान मोठं. म्हणून फ्रिजमधून काढलेलं बी लगेच पाण्यात टाकू नका. ते एक रात्र खोलीत उघडं ठेवा, हवेतला दमटपणा थोडा शोषू द्या.

तरीही भिजवायचंच असेल तर बुडवून ठेवण्यापेक्षा ओल्या सुती कापडाच्या घडीत ठेवणं कधीही चांगलं. तिथे पाणी हळूहळू मिळतं आणि हवाही.

गरम पाण्यात भिजवलं तर लवकर रुजेल का?

कोमट पाणी चालेल, उकळतं नाही. उकळत्या पाण्याने घेवड्याचा जीव जातो.

सगळे दाणे फुगतात, दोन-चार मात्र तसेच टणक राहतात. ते फेकून द्यावेत का?

हे गणंग दाणे. स्वयंपाकघरात मटकी किंवा वाल भिजवताना तेच त्रास देतात, पण बियाणं म्हणून ते वाईट नसतात. त्यांच्या सालीतून पाणी आत जात नाही, इतकंच. निसर्गात ही सोय आहे: सगळे दाणे एकाच पावसात उगवले आणि पुढे पावसाने दडी मारली तर वंशच बुडेल, म्हणून काही दाणे मागे राहतात.

सालीला एक खरचटा दिला की काम होतं. दाण्याला जिथे शेंगेशी जोडलेली खूण असते, त्याला नाभी म्हणू. अंकुर त्या नाभीच्या जवळ असतो, तेव्हा तिथे हात लावू नका. विरुद्ध बाजूला नेलकटरने सालीचा टवका काढा किंवा पॉलिश पेपरवर तो भाग घासा. आतला पांढरट भाग दिसला की थांबा. नंतर दोन-तीन तासांत दाणा फुगलेला दिसेल.

चौधारी शेंगेचं बी तीन आठवडे झाले तरी रुजलं नाही. काय करावं?

चौधारीच्या जवळजवळ प्रत्येक दाण्याला वर सांगितलेला खरचटा लागतो, कारण तिची साल घेवड्यापेक्षा बरीच टणक असते. खरचटून, रात्रभर ओल्या कापडात ठेवून, फुगलेले दाणे तेवढे टोका. तिला ऊबही जास्त लागते. अजून एक गोष्ट: बाकीच्या बऱ्याच शेंगभाज्यांसारखी तिची दलं मातीवर येत नाहीत, खालीच राहतात, आणि एकदम पानांचा कोंब बाहेर पडतो. त्यामुळे "अजून काही दिसत नाही" म्हणून उकरत बसू नका.

बी किती खोल टोकावं? उभं की आडवं?

बोटाच्या पहिल्या पेराएवढं, म्हणजे अडीच सेंटिमीटरच्या आसपास. हलक्या मातीत आणि उन्हाळ्यात किंचित खोल, चिकट काळ्या मातीत आणि पावसाळ्यात थोडं वर.

आडवं टाकावं. उलटसुलट पडलं तरी मूळ खालीच वळतं, कारण मुळाच्या टोकाशी असलेल्या पेशींना गुरुत्वाकर्षणाची दिशा कळते. पण नाभी वर करून उभं टाकलं तर मुळाला वळसा घ्यावा लागतो आणि त्यात दोन दिवस वाया जातात.

बी खोल टाकलं तर ते मजबूत होत नाही का?

नाही, उलट दमतं. घेवडा, चवळी, वाल आणि गवार यांचा कोंब सरळ वर येत नाही. मूळ खाली गेलं की त्याच्या वरचा दांडा हुकासारखा वाकतो, माती वर ढकलतो आणि आपल्यामागे दोन जाड दलं ओढून आणतो. दलं सरळ ढकलायची असती तर शेंडा मातीत मोडला असता. हूक पुढे असल्यामुळे शेंडा सुरक्षित राहतो. या सगळ्याला लागणारी शक्ती फक्त दलांमधल्या साठ्यातून येते. जितकं खोल टाकाल, तितका साठा मातीतच संपतो.

काळ्या मातीत एक जास्तीचा त्रास असतो. जोराचा पाऊस पडून ऊन पडलं की वर कडक पापुद्रा धरतो आणि हूक त्याखाली अडकून मोडतो. कुंडीत टोकलेल्या जागेवर माती लोटण्याऐवजी चाळलेलं गांडूळखत किंवा कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) टाकलं की पापुद्रा धरत नाही.

वाटाणा, तूर आणि हरभऱ्याचं तंत्र निराळं आहे. त्यांची दलं मातीतच राहतात, त्यामुळे ती थोडी जास्त खोली सहन करतात.

वर आलेली ती दोन जाड दलं काढून टाकावीत का?

मुळीच नाही. खरी पानं उघडून कामाला लागेपर्यंत रोपाची शिदोरी तीच आहे. आठ-दहा दिवसांत ती सुरकुतून आपोआप गळतात. एक दल मोडलं तरी रोप जगतं, दोन्ही मोडली तर खुरटतं.

तापमान किती हवं?

मातीचं तापमान 25 ते 30 अंश सेल्सिअस असेल तर घेवडा साधारण आठवडाभरात वर येतो. 15 अंशांना त्याला दोन आठवडे लागतात, आणि इतका वेळ थंड ओल्या मातीत पडलेला दाणा बहुधा कुजतो. 10 अंशांच्या खाली तो रुजतच नाही. महाराष्ट्रात थंडीचा प्रश्न डिसेंबर-जानेवारीत नाशिक, पुणे, महाबळेश्वर अशा थंड भागांतच येतो. तेव्हा कुंडी दुपारच्या उन्हात ठेवा.

आपल्याकडची खरी अडचण उलटी आहे. एप्रिल-मे महिन्यांत नागपूर, जळगाव, सोलापूरकडे गच्चीवरच्या काळ्या प्लास्टिकच्या कुंडीतली माती हवेपेक्षाही जास्त तापते. 35 अंशांच्या वर फरसबीची उगवण घसरते. तेव्हा फरसबीचा हट्ट सोडा आणि गवार किंवा चवळी टोका. ही दोन्ही ऊन सोसणारी आहेत.

कोणतं बी कोणत्या महिन्यात?

चवळीला कडाक्याची थंडी सोडून कधीही चालतं. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची 'कोकण सदाबहार' ही जात बागेसाठी उत्तम आहे. गवार फेब्रुवारी-मार्चमध्ये आणि पुन्हा जून-जुलैमध्ये. फरसबी म्हणजे श्रावणघेवडा जून-जुलैमध्ये, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, आणि पाण्याची सोय असेल तर जानेवारी-फेब्रुवारीत. झुडूप जातींमध्ये 'अर्का कोमल' आणि 'कंटेंडर' कुंडीत छान येतात, त्यांना मांडव लागत नाही. सातारा जिल्ह्यातल्या कोरेगावकडचा वाघ्या घेवडा पावसाळ्याच्या सुरुवातीचा. त्याच्या दाण्यावरचे तांबडे पट्टे पाहिले की ओळखायला चुकत नाही.

वाल आणि पावट्याचं गणित वेगळं. यांच्या पारंपरिक वेलींना फुलं येण्यासाठी रात्र मोठी व्हावी लागते. जूनमध्ये लावा नाहीतर ऑगस्टमध्ये, फुलं दिवस लहान झाल्यावरच येणार. फरक इतकाच, की जूनच्या वेलाचा पसारा मोठा होतो. बाल्कनी लहान असेल तर ऑगस्टअखेर लावा. रायगडात कडवे वाल भातकापणीनंतर शेतात उरलेल्या ओलीवर टाकतात. पाणी न देता ते पीक येतं आणि थंडीत त्याच्याच शेंगांची पोपटी लागते, म्हणजे त्या मडक्यात भाजतात. बियाला ओल किती कमी पुरते, हे पाहायचं असेल तर नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये अलिबागच्या आसपासची ती शेतं पाहावीत.

किराणा दुकानातला राजमा किंवा चवळी पेरली तर उगवेल का?

उगवते, बऱ्याचदा चांगली उगवते. धान्य आणि बियाणं हा जिवंतपणाचा फरक नाही, खात्रीचा फरक आहे. दुकानातलं धान्य किती जुनं, कुठल्या गोदामात तापलेलं, कुठल्या जातीचं, हे कळत नाही. राजमा अनेकदा थंड डोंगराळ भागातला असतो. रोप जोमाने वाढतं, पण आपल्या उन्हात फुलं गळतात. हौसेसाठी पेरा, भाजीच्या भरवशावर नको. डाळ मात्र रुजणार नाही, कारण दाणा दोन तुकडे करताना अंकुर तुटलेला असतो.

उसळीसाठी मोड आणलेलं कडधान्य पेरता येईल का?

मोड अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा लहान असेल तर होय. त्याहून लांब मोड हाताळताना मोडतो, आणि मुख्य मुळाचं टोक गेलं की रोप मागे पडतं. बोटांत मोड धरू नका, दाणा धरा. बोटाने केलेल्या खड्ड्यात मोड खाली करून अलगद ठेवा आणि माती दाबू नका.

बी चांगलं आहे की नाही हे पेरण्याआधी कसं कळेल?

पाण्यात टाकून तरंगणारे दाणे काढायची पद्धत बरेच जण सांगतात. घेवड्यासाठी ती भरवशाची नाही. सुरकुतलेल्या सालीखाली हवा अडकली की उत्तम दाणाही काही वेळ तरंगतो.

रुजवून पाहणं हीच खरी परीक्षा. दर वर्षी खरिपाच्या आधी कृषी विभाग सोयाबीनसाठी हेच सांगतो: गोणपाट ओलं करायचं, त्यावर 100 दाणे ओळीत मांडायचे, गुंडाळी करून सावलीत ठेवायची, पाणी शिंपडत राहायचं आणि काही दिवसांनी मोड मोजायचे. 70 किंवा जास्त उगवले तर नेहमीच्या प्रमाणात पेरायचं, कमी असतील तर बियाणं वाढवायचं. घरी 100 दाणे कुठून आणणार? दहा घ्या. ओल्या, पण घट्ट पिळलेल्या कापडावर मांडा, गुंडाळा, ती गुंडाळी सैल तोंडाच्या पिशवीत ठेवा आणि रोज उघडून वारा लागू द्या. आठ दिवसांत सात-आठ दाण्यांना सरळ, पांढरं मूळ आलं तर बी उत्तम. चार-पाचच आले तर प्रत्येक खड्ड्यात दोन-तीन दाणे टाका. दोन आले तर दुसरं बी शोधा. मोड आलेले दाणे वाया घालवू नका, लगेच लावा.

शाळेच्या प्रयोगासाठी कापसात बी ठेवलं, ते कुजलं. का?

कापूस पाण्यात बुडवलेला असतो म्हणून. काचेच्या पेल्यात आतून टीपकागदाची गुंडाळी लावा, मध्ये कापूस भरा आणि दाणा काच व कागदाच्या मध्ये अडकवा. तळाशी बोटभर पाणी ठेवा, ते दाण्यापर्यंत पोहोचू देऊ नका. कागद ओल वर खेचून घेतो. मुलांना मूळ बाहेर पडण्यापासून हूक सरळ होईपर्यंत सगळं दिसतं. मूळ आल्यावर पेला आडवा करून ठेवला तर एक-दोन दिवसांत मूळ पुन्हा खाली वळलेलं पाहता येतं. हा भाग मुलं विसरत नाहीत, जरूर करा.

रुजवायला उजेड लागतो का?

घेवडावर्गीय बियांना उजेडही चालतो आणि अंधारही. हूक मातीबाहेर आला की मात्र त्याच दिवसापासून भरपूर ऊन हवं.

रोपं लांबुडकी, पिवळट का होतात?

घटस्थापनेचं धान्य आठवा. देवघराच्या मंद उजेडात ते सरसर वाढतं, पिवळसर आणि नाजूक राहतं. खिडकीच्या आतल्या घेवड्याचं तेच होतं: उजेड शोधत दांडा ताणला जातो. घटाला ते शोभतं, वेलाला परवडत नाही. लांबलेलं रोप नंतर उन्हात ठेवून जाड होत नाही. नवीन बी उन्हातल्या कुंडीत टोकणं हाच उपाय.

माती कशी असावी?

पाणी धरणारी, पण तुंबवणारी नाही. बागेतली माती, चाळलेलं जुनं शेणखत किंवा गांडूळखत आणि कोकोपीट समसमान घ्या. माती काळी असेल तर तिचा वाटा कमी करा. नुसतं कोकोपीट टाळा: वरून सुकलेलं दिसतं आणि आत चिंब असतं, त्यामुळे पाण्याचा अंदाज चुकतो. ताजं शेण किंवा अर्धवट कुजलेला ओला कचरा बियाजवळ नकोच. तो कुजताना तापतो, प्राणवायू खातो आणि माश्यांना बोलावतो. रुजण्यापुरतं खत लागतच नाही, दाणा आपलं जेवण घेऊन येतो.

बीजप्रक्रिया घरी करावी का?

पेरण्याआधी दाण्यांना औषध किंवा उपयोगी जिवाणू चोळणं म्हणजे बीजप्रक्रिया. दोन-चार कुंड्यांना ती अनिवार्य नाही, पण दर वेळी रोपं मरत असतील तर ट्रायकोडर्मा, म्हणजे रोगाच्या बुरशींना आवर घालणारी उपयोगी बुरशी, वापरा. शेतीत एक किलो बियाण्याला 5 ग्रॅम घेतात, म्हणजे मूठभर दाण्यांना एक चिमूट. पाण्याचे थेंब शिंपडून दाणे वाटीत हलक्या हाताने घोळवा, सावलीत सुकवा आणि त्याच दिवशी टोका.

रायझोबियमने उगवण सुधारत नाही. त्याचं काम पुढचं: मुळांवर गाठी तयार करून हवेतला नत्र रोपाला देणं. नव्या कोकोपीटच्या कुंडीत हे जिवाणू नसतातच, तेव्हा लावल्याने फायदा होतो. पाकिटावर पिकाचं नाव पाहून घ्या, कारण घेवड्याचं रायझोबियम वेगळं आणि चवळीचं वेगळं. गुळाच्या चिकट पाण्यात कालवून दाण्यांना लावा. रासायनिक बुरशीनाशक लावलेल्या बियावर ही जिवाणूंची पाकिटं वाया जातात.

पाकिटातलं बी गुलाबी किंवा हिरव्या रंगाचं आहे. धुवावं का?

धुवू नका आणि भिजवूही नका. तो रंग बुरशीनाशकाच्या लेपाचा आहे. थेट मातीत टोका, हात साबणाने धुवा, मुलांपासून लांब ठेवा. उरलेलं बी काही झालं तरी शिजवू नका, पाखरांनाही घालू नका.

भुंगा लागलेलं बी चालेल का?

एखादं भोक असलेला दाणा कधी कधी रुजतो, कारण अळीने दल खाल्लेलं असतं आणि अंकुर वाचलेला असतो. पण शिदोरी अर्धी गेलेली असते. दुर्मीळ वाण असेल तर लावून पाहा. नाहीतर निवडून बाजूला काढा आणि बाकीच्या बियांपासून लांब ठेवा, त्यातून अजून भुंगे बाहेर पडतील.

रोप छान वर आलं आणि दोन दिवसांत बुडाशी बारीक होऊन आडवं झालं. हा कोणता रोग?

रोपं कोलमडण्याचा. मातीतल्या बुरशी मातीलगतचा कोवळा दांडा खातात. पडलेलं रोप वाचत नाही. पाणी लगेच थांबवा, कुंडी वाऱ्यात आणि उन्हात हलवा, दाट रोपं विरळ करा. त्याच मातीत लगेच पुन्हा बी टाकू नका. माती पसरून कडक उन्हात आठवडाभर तापवा. मुंबई-कोकणात जुलैच्या झडीत हा त्रास हमखास होतो. तिथे कुंडी पत्र्याच्या किंवा छज्ज्याच्या आडोशाला ठेवून रुजवा आणि चार पानं आल्यावर पावसात काढा.

दलांवर सालीची टोपी अडकून बसली आहे. ओढून काढू का?

ओढू नका, आतली पानं फाटतात. दोन-तीनदा पाण्याचा फवारा मारा, तासाभरात टोपी सैल होते. बी फार वर टोकलं होतं, असा त्याचा अर्थ; माती सालीला घासून ती काढते, तसं इथे झालेलं नाही. दलं उघडली आणि मध्ये शेंडाच नसेल तर मात्र ते रोप उपटा. दाण्याला आपटून किंवा किडीने मार बसलेला असतो. दलांच्या बेचक्यातून बारीक फुटवे येतात, पण त्यांना शेंगा धरेपर्यंत हंगाम निघून जातो.

खारी बी उकरून नेतात. कबुतरं कोंब तोडतात. उपाय?

जाळी. दुसरा भरवशाचा उपाय नाही. जुनी प्लास्टिकची फळांची जाळीदार पेटी कुंडीवर उपडी घाला आणि वर वीट ठेवा. दलं हिरवी होऊन खरी पानं उघडली की काढा. तिखट शिंपडण्याचा सल्ला पहिल्या पाण्यात वाहून जातो. पावसाळ्यात गोगलगायी रात्री येतात. अंधार पडल्यावर बॅटरी घेऊन फिरा आणि वेचून काढा.

ट्रेमध्ये रोपं करून नंतर लावली तर?

शेंगवेलींना मूळ हललेलं आवडत नाही. जागेवरच टोका. नाइलाज असेल तर कागदी पेल्यात किंवा भोक पाडलेल्या करवंटीत एकेक दाणा लावा आणि पहिली खरी पानं येताच, मातीचा गोळा न फोडता हलवा. विरळणी करतानाही नको असलेलं रोप उपटू नका, कात्रीने बुडाशी कापा. शेजारच्या रोपाचं मूळ त्याच्याशी गुंतलेलं असतं.

राजम्याचे मोड कच्चे खाता येतात का? उरलेल्या बियांची कोशिंबीर करावी म्हणतो.

नाही. कच्च्या राजम्यात, विशेषतः लाल राजम्यात, एक विषारी प्रथिन असतं. चार-पाच कच्चे दाणेही उलट्या-जुलाब होण्यास पुरेसे ठरू शकतात आणि मोड आल्याने ते प्रथिन पूर्ण नाहीसं होत नाही. किमान पाच तास भिजवा, ते पाणी फेका, नव्या पाण्यात खळखळून उकळत पूर्ण शिजवा. मंद आचेवर अर्धवट शिजलेला राजमा धोक्याचा. वालही कच्चे खाऊ नयेत. मोड आणून, सोलून, शिजवून केलेलं बिरडं ही आपली जुनी पद्धत बरोबरच आहे, फक्त भिजवण्याचं पाणी आमटीत वापरू नका. मूग आणि मटकीचे मोड कोशिंबिरीसाठी आहेतच.

आम्ही परदेशात राहतो, थंडी फार आहे. वालपापडी लावता येईल का?

हिवाळ्यातलं शेवटचं गोठलेलं दव पडून गेल्यावर माती 15 अंशांच्या वर स्थिर झाली की बाहेर टोका. त्याआधी घरात कागदी पेल्यात रुजवता येतं. फ्रिजच्या डोक्यावरची उबदार जागा त्यासाठी चांगली. फरसबी आणि चवळी उन्हाळ्यात सहज येतात. गावाकडचा वाल मात्र लंडन किंवा शिकागोकडे पानांनी भरेल आणि फुलायच्या वेळेला थंडी येईल, कारण तिथे उन्हाळ्यात दिवस फार मोठे असतात. तिथे लवकर फुलणाऱ्या जातीच घ्या. बी भारतातून नेणार असाल तर त्या देशाचे नियम आधी पाहा. अमेरिकेत पेरणीच्या बियाण्याला वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागतं आणि ऑस्ट्रेलियात तपासणी फार कडक आहे.

पुढच्या वर्षासाठी घरचं बी कसं राखावं?

हे जरूर करा. घेवड्याचं फूल उघडायच्या आधीच बहुतेक वेळा स्वतःचं परागीकरण उरकतं, त्यामुळे घरचं बी आईसारखंच निघतं. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी वाल-घेवड्याचे कितीतरी गावरान वाण असेच घरातून जपले. 2020 साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली, ती या कामासाठी.

सगळ्यात जोमदार वेल निवडा आणि त्याच्या पहिल्या चांगल्या शेंगा तोडू नका, उरल्यासुरल्या शेवटच्या शेंगांचं बी धरण्याची सवय सोडा. शेंग वेलावरच वाळून खुळखुळू द्या. पावसाची चिन्हं असतील तर पिवळी झालेली शेंग काढून सावलीत, वाऱ्यावर वाळवा. सोललेले दाणे काही दिवस सकाळच्या कोवळ्या उन्हात ठेवा. दाताखाली दाबल्यावर दाणा चेपला तर अजून ओल आहे, कट्कन फुटला तर झाला.

मग चाळलेली, पूर्ण गार राख मिसळून घट्ट झाकणाच्या बरणीत भरा. राखेमुळे भुंग्याला फिरायला आणि अंडी घालायला अडचण होते. बरणीवर वाणाचं नाव आणि साल लिहा. बियाण्याच्या अभ्यासातला एक ढोबळ नियम आहे: दाण्यातला ओलावा एका टक्क्याने उतरला की आयुष्य साधारण दुप्पट होतं, आणि साठवणीचं तापमान 5 अंशांनी उतरलं तरी तसंच. म्हणून स्वयंपाकघरातल्या ओट्यावरच्या फळीपेक्षा फ्रिजचा खालचा कप्पा बरा. चांगलं वाळलेलं बी नीट ठेवल्यास तीन वर्षं उगवतं. बरणी बाहेर काढल्यावर खोलीइतकी गरम होईपर्यंत झाकण उघडू नका, नाहीतर बाहेरचा दमटपणा थंड दाण्यांवर दव होऊन बसतो.

बी टोकून दहा दिवस झाले, काहीच दिसत नाही. आणखी किती थांबू?

चवळी उन्हाळ्यात तीन ते पाच दिवसांत येते, गवार आठवड्याच्या आत, घेवडा आणि वाल पाच ते आठ दिवसांत. दहाव्या दिवशी एकच दाणा चमच्याने बाजूने उकरून पाहा. टणक आणि कोरडा असेल तर पाणी पोहोचलेलं नाही, हलका शिडकावा करा. फुगलेला, घट्ट आणि मूळ फुटलेलं असेल तर झाकून ठेवा, दोन-तीन दिवसांत वर येईल. बोटांत दाबल्यावर लगदा झाला तर बाकीच्यांचंही तेच झालेलं असणार. कुंडी आडवी करून पाणी निथळू द्या, तळाची भोकं काडीने मोकळी करा, दोन दिवस ऊन द्या आणि नवे दाणे टोका.